स्पोर्ट की स्पोर्ट-टुरिंग? मराठवाड्यातील स्वारांसाठी मागच्या टायरची निवड

तीनशे-चारशे सीसीच्या गाडीचा मागचा टायर गोटा होत आला की दुकानदार साधारणपणे दोन पर्याय पुढे करतो: मऊ रबराचा स्पोर्ट टायर किंवा स्पोर्ट-टुरिंग टायर. दोन्ही प्रकार मी एकाच गाडीवर आणि बहुतांशी एकाच रस्त्यांवर संपेपर्यंत वापरले आहेत. माझा नेहमीचा रस्ता छत्रपती संभाजीनगरहून बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई असा लातूरकडे जातो, आणि अधूनमधून कन्नडमार्गे औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे जाणे होते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नसल्यामुळे जालन्याकडे जातानाही जुनाच रस्ता धरावा लागतो. माझ्याजवळ मोजमापाची उपकरणे नाहीत. पुढे जे लिहिले आहे ते हातांना, बैठकीला आणि खिशाला जाणवलेले आहे, त्यामुळे ज्यांचे रस्ते वेगळे आहेत त्यांचा निष्कर्षही वेगळा निघू शकेल.

कोरड्या डांबरावर, रबर चांगले तापलेले असताना, स्पोर्ट टायर सरस आहे हे आधीच मान्य केलेले बरे. नवा असताना तो गाडीला इतक्या सहजपणे वळणात घालतो की तीच गाडी वजनाने हलकी झाल्यासारखी वाटते. प्रश्न एवढाच आहे की आपल्याकडच्या प्रवासात ती सरसता किती वेळा कामी येते. वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा रस्ताच इतका तापलेला असतो की स्पोर्ट-टुरिंग टायरही काही मिनिटांत पूर्ण पकड देऊ लागतो. सार्वजनिक रस्त्यावर जितके झुकणे शहाणपणाचे आहे तितक्यात मला दोहोंमध्ये काळजी वाटावी असा फरक आढळला नाही.

थंडीत आणि पावसात चित्र उलटते. परभणीत पारा सहा-सात अंशांवर उतरतो तशा पहाटे निघालो, तर स्पोर्ट टायर पहिले कित्येक किलोमीटर लाकडासारखा टणक वागतो, कारण त्याचे रबर तापल्यावरच खुलते. स्पोर्ट-टुरिंगच्या रबरात सिलिकाचे प्रमाण सहसा जास्त ठेवलेले असते, त्यामुळे ते थंड आणि ओल्या रस्त्यावरही लवचीक राहते, आणि पाणी बाहेर काढणारी नक्षीही अधिक खोल व अधिक भरगच्च असते. पावसाळ्यात शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणून सोडतात. त्या चिखलावर मात्र कोणत्याही टायरचा भरवसा धरू नये. तिथे वेग कमी करणे हाच उपाय आहे.

माझी निवड ज्या एका त्रासाने ठरवली तो पकडीचा नव्हे, तर आकाराचा आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. दुचाकीचा टायर आडव्या छेदात गोलाकार असतो आणि सरळ चालताना त्याचा फक्त मधला अरुंद पट्टा रस्त्याला टेकतो. मराठवाड्यातले रस्ते मैलोगणती सरळ आहेत. इंजिनाचा सगळा जोर, मागे बसलेल्या माणसाचे वजन आणि बॅगांचा भार त्याच पट्ट्यावर येतो. परिणामी मधला भाग झिजून सपाट होतो, कडा जवळजवळ नव्या राहतात आणि गोल टायर चौकोनी होऊ लागतो. नक्षीकडे नुसते पाहून हे लक्षात येत नाही. टायरवर स्टीलची पट्टी आडवी धरली तर नव्या टायरवर ती एका बिंदूवर डुलते, आणि चौकोनी झालेल्या टायरवर सपाट बसून राहते. तळहात एका कडेकडून दुसरीकडे फिरवला तर सपाट भाग जिथे संपतो तिथे दोन्ही बाजूंना बोटांना स्पष्ट धार लागते.

त्या दोन धारा सरळ रस्त्यावर गप्प असतात. घाट आला की मात्र गाडी बदलते. मांजरसुंब्याच्या घाटात वळणाला सुरुवात करताना ती आधी झुकायला नकार देते, हँडलवर जास्त जोर द्यावा लागतो, आणि मग धार ओलांडताच गरजेपेक्षा जास्त आणि एकदम पडते. वळणाच्या मध्यावर खड्डा दिसला म्हणून रेषा बदलायची झाली की हाच झटका उलट दिशेने बसतो. रस्त्याच्या लांबीत गेलेल्या जोडावर किंवा डांबराच्या ठिगळाच्या काठावर मागचे चाक बाजूला ओढल्यासारखे वाटते. माझ्या स्पोर्ट टायरवर हे सगळे अशा वेळी सुरू झाले की नक्षीच्या खोबणीतल्या झीजखुणांपर्यंत रबर पोहोचायला बराच अवकाश होता. म्हणजे कायद्याने आणि डोळ्यांना टायर चांगला, पण चालवण्याचा आनंद आणि आत्मविश्वास दोन्ही संपलेले. त्याची वाट किलोमीटरने लागण्याआधी आकाराने लागली, आणि शेवटचे दोन-तीन हजार किलोमीटर मी घाट टाळता येईल का याचा विचार करत काढले.

स्पोर्ट-टुरिंग टायर या दुखण्यावर थेट काम करतो. मिशलिनची रोड मालिका, पिरेलीची एंजल जीटी, ब्रिजस्टोनची बॅटलॅक्स टी मालिका ही या गटातली ओळखीची नावे आहेत, आणि या गटातल्या मागच्या टायरमध्ये बहुधा मधल्या पट्ट्याला टणक व दोन्ही कडांना मऊ रबर वापरलेले असते. मध्यभाग हळू झिजतो आणि झुकल्यावर मऊ कड काम करते. माझ्या गाडीवर स्पोर्ट टायर आठ हजारांच्या आसपास संपला. स्पोर्ट-टुरिंग बारा हजारांच्या पुढे गेला. पण मला अधिक मोलाचे हे वाटले की त्या अंतरातला बहुतेक काळ गाडी नव्यासारखीच वळत होती. तोही शेवटी सपाट होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. फरक इतकाच की त्याचा आकार बिघडणे आणि त्याचे आयुष्य संपणे या गोष्टी जवळपास एकाच वेळी येतात.

त्याचे दोषही आहेत. शहरात, वाळूजच्या वाहतुकीत, गाडी किंचित जड हाताची वाटते. सिमेंटच्या रस्त्यावरच्या आडव्या रेघांवरून जाताना टायरची घरघर हेल्मेटच्या आत ऐकू येते आणि टायर अर्धा झिजल्यावर ती वाढते. किंमतही मला सुमारे दीडपट मोजावी लागली, त्यामुळे दर किलोमीटरचा हिशेब मांडला तर दोघे जवळजवळ बरोबरीत सुटतात. पैसे वाचतात म्हणून कोणी स्पोर्ट-टुरिंग घेऊ नये. शिवाय ज्यांची गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच धावते त्यांच्याकडे हा टायर झिजण्याआधी वयाने टणक होण्याची शक्यता आहे, विशेषतः गाडी पत्र्याच्या शेडखाली तापत उभी राहत असेल तर. त्यांनी मऊ टायर घेऊन लवकर बदलणे अधिक योग्य ठरेल.

हवेकडे दुर्लक्ष केले तर दोन्ही प्रकार वेळेआधी संपतात. जास्त हवा असेल तर टेकणारा पट्टा आणखी अरुंद होतो आणि मध्यभागाची झीज वाढते. कमी हवेत टायर वाकून तापतो. टायरच्या आतल्या हवेचे तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, म्हणून दुपारी धाब्याशेजारच्या पंपावर तापलेल्या टायरचा वाढलेला आकडा पाहून हवा काढून टाकू नये. तपासणी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी करावी.

पुढच्या टायरविषयी एकच सूचना. मागचा नवा गोल टायर आणि पुढचा झिजलेला, असे जोडपे काही काळ चालते; उलट, मागचा चौकोनी ठेवून पुढचा नवा बसवला तर पुढचे चाक चटकन वळणात शिरते आणि मागचे अडून बसते, आणि दोन्ही चाके वेगवेगळ्या मनाची असल्यासारखी गाडी वागते. त्यामुळे खर्च दोन टप्प्यांत करायचा असेल तर आधी मागचा बदलावा.

खरेदी करताना बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचल्याशिवाय टायर रिमवर चढवू देऊ नये; २३२५ असे असेल तर तो २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. आपल्या भागात १५०/६० मापाच्या टायरला गिऱ्हाईक कमी असते आणि माल दुकानात पडून राहू शकतो. दोन-तीन वर्षे पडून असलेला स्पोर्ट-टुरिंग घेण्यापेक्षा मी पुण्याहून ताजा मागवून आठवडाभर थांबणे पसंत करीन.

आणि तरीही मन ठरत नसेल, तर दुकानात जाण्यापूर्वी स्वतःचा जुना टायर उतरवण्याआधी नीट पाहावा. झीज मधून कडेपर्यंत सारखी पसरली असेल, तर तुम्ही खरोखर वळणांचे रस्ते चालवता आणि मऊ स्पोर्ट टायरचे पैसे वसूल होतील. पण मध्यभाग सपाट झालेला असून दोन्ही कडांना बोटभर रुंदीचे रबर न घासलेले आणि त्यावर कारखान्यातून आलेले रबराचे बारीक केस अजून शिल्लक असतील, तर माझ्या मते स्पोर्ट-टुरिंगच घ्यावा.