सकाळी सातची शाळा: दूध-बिस्किटं, थालीपीठ की दूध-केळं?

सकाळच्या शाळेत मुलाला काय खाऊ घालून पाठवायचं, हा प्रश्न फक्त वजन-उंचीचा नाही. पाचेक वर्षांच्या मुलाचा मेंदू शरीराच्या रोजच्या ऊर्जेतला ४० टक्क्यांहून अधिक वाटा एकटा वापरतो. पोट रिकामं असलं की चिडचिड सुरू होते, लक्ष लागत नाही.

दूध-बिस्किटं दोन मिनिटांत होतात, मूलही कुरकुर करत नाही. आईबाबा दोघंही नोकरीला जात असतील तर ही सोय मी कमी लेखणार नाही. पण बिस्किटात मुख्यतः मैदा आणि साखर. दुधात चॉकलेटी पावडर पडली की साखर आणखी वाढते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं. अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. शिवाय हा नाश्ता लवकर पचतो आणि छोट्या सुट्टीआधीच पोरं पेंगुळतात.

थालीपीठाला वेळ लागतो, हे खरं. रात्रीच वाटीभर भाजणीत तीळ, ओवा, तिखट-मीठ घालून ठेवावं. सकाळी कांदा चिरून, कोमट पाण्यात मळून, तव्यावर थापून मधे भोकं पाडून तेल सोडलं की पंधरा मिनिटांत काम होतं. ज्वारी, बाजरी, हरभराडाळ आणि उडीद एकत्र आल्याने प्रथिनं आणि चोथा दोन्ही मिळतात, भूक उशिरा लागते. लोहही मिळतं, आणि ते आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलं की मूल मलूल आणि किरकिरं होतं. आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. सोबत पेरूच्या फोडी दिल्या तर धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं, चहा दिला तर कमी.

काही मुलांना पहाटे घासच उतरत नाही. त्यांना दूध, केळं आणि शेंगदाण्याचा लाडू द्या, थालीपीठ डब्यात घाला. मुलाला दटावून, रडवून भरवू नका. तसा भरवलेला सकस घासही त्याचा दिवस खराब करतो.

माझा कौल थालीपीठाला आहे, निदान आठवड्यातून तीन दिवस. इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या सुमारे ९,००० शाळकरी मुलांच्या पाहणीत (निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध) नाश्ता करणाऱ्या आणि भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य बरं दिसलं. आहारामुळेच तसं झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही. घरची परिस्थितीही त्यात असतेच. म्हणून मूल दोन-तीन आठवडे गप्प गप्प राहत असेल, झोप उडाली असेल, तर नाश्ता बदलून वाट पाहत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा, आणि मनाबद्दल बोलायचं असेल तर सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर मोफत फोन करा.