ट्रॅक्टर शोरूमची नोकरी की अवजारांचं स्वतःचं दुकान?

कृषी पदविका झाली आहे किंवा आयटीआयचा डिझेल मेकॅनिक कोर्स झाला आहे, गावोगावी ओळखी आहेत, चार माणसांत बोलता येतं आणि शेतीच्या यंत्रांच्या विक्रीतच उतरायचं ठरलं आहे. अशा माणसापुढे तालुक्याच्या गावात साधारण दोन वाटा असतात. एक तर ट्रॅक्टरच्या शोरूमला सेल्समन म्हणून लागायचं, नाहीतर गाळा घेऊन रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागे जोडून पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार), पेरणी यंत्र, कडबा कुट्टी, फवारणी पंप विकायला बसायचं. ट्रॅक्टर कंपनीच्या पगारावर टेरिटरी मॅनेजर, म्हणजे भागातले डीलर सांभाळणारा माणूस, व्हायची तिसरी वाटही आहे, तिच्याकडे नंतर येऊ. विचारायला येणारे बहुतेक जण 'कशात जास्त सुटतात?' एवढंच विचारतात. मी आधी दुसरंच विचारतो: शेतकऱ्याकडे पैसा अडकला तर तो कुणाचा अडकणार, मालकाचा की तुझा?

शोरूमचा हिशोब

तालुक्याच्या शोरूममध्ये नवख्या सेल्समनचा मूळ पगार बहुतेक ठिकाणी वीस हजारांच्या आतच असतो. बाकी सगळं इन्सेन्टिव्हवर. समजा पगार १५,००० आणि ट्रॅक्टरमागे २,००० ठरले. महिन्याला चार ट्रॅक्टर निघाले तर २३,००० झाले. आता यातून पेट्रोल काढा. रोज साठ किलोमीटर मोटारसायकल फिरली तर महिन्याला तीन हजारांच्या वर पेट्रोलच लागतं. भत्ता मिळणार असं तोंडी सांगतात. पत्रावर लिहिलेला असेल तरच धरा. आणि इन्सेन्टिव्हला पायरी असते. चारचं टार्गेट आणि तीनच निघाले, तर कित्येक ठिकाणी त्या तिन्हींचंही काही मिळत नाही किंवा निम्मं मिळतं. मुलाखतीत पगारापेक्षा हे जास्त खोदून विचारा.

महिनेही सारखे नसतात. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि धनत्रयोदशीला शोरूमसमोर मंडप पडतो, हार-पेढे आणि चावी हातात घेऊन फोटो. पितृपक्षात मात्र शोरूममध्ये माशा मारायच्या. बुकिंग झालं की इन्सेन्टिव्ह लागू होतो असं नव्या पोरांना वाटतं. तसं नसतं. डिलिव्हरी झाली, फायनान्सची रक्कम जमा झाली, की मगच.

या नोकरीतलं खरं काम फाइलीचं आहे. पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर सात-आठ लाखांच्या घरात जातो, रोखीने घेणारा क्वचितच. सातबारा, आठ-अ, सामाईक खातेदारांच्या सह्या, जामीनदार, सिबिल (कर्जफेडीचा जुना लेखाजोखा), जुनं पीककर्ज थकलंय का, हे सगळं सेल्समनच जुळवतो. बांधावर डेमो देऊन गिऱ्हाईक पटवायला एक दिवस पुरतो, फाइल पास व्हायला तीन आठवडे लागतात. त्यात जुना ट्रॅक्टर बदलून द्यायचा असेल तर त्याच्या किमतीवरून आठवडाभर ताणाताणी. पण एकदा फायनान्सचा डीओ, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर, निघाला की पैसे फायनान्स कंपनीकडून थेट डीलरच्या खात्यावर येतात. पुढचे सहामाही हप्ते हा फायनान्सवाल्याचा आणि शेतकऱ्याचा मामला. सेल्समनचा स्वतःचा रुपयाही त्यात गुंतलेला नसतो. शिव्या मात्र खाव्या लागतात: हप्ते थकून ट्रॅक्टर ओढून नेला, तर पारावर नाव सेल्समनचंच निघतं.

दुकानाचा हिशोब

दुकानात उलट आहे. रोटाव्हेटर विकून नाव होतं आणि पात्यांवर घर चालतं. रोटाव्हेटर लाख-सव्वालाखाचा, पण घेणारा आधी तीन दुकानांत फोन फिरवून आलेला असतो, त्यामुळे मार्जिन घासून घासून उरतं तेवढंच. त्याच रोटाव्हेटरला चाळीसेक पाती असतात, मुरमाड रानात ती लवकर झिजतात आणि झिजली की माणूस भाव न करता घेऊन जातो, कारण ट्रॅक्टर रानात उभा असतो. बेअरिंग, नोझल, एचटीपी पंपाचे (जास्त दाबाचा फवारणी पंप) वॉशर, पाइप, बॅटरी पंपाचे चार्जर: गाळ्याचं भाडं यातून निघतं. ज्याला ही किरकोळ विक्री कमीपणाची वाटते, त्याने दुकानाच्या फंदात पडू नये.

भांडवल लागतंच. तीन-चार रोटाव्हेटर, दोन पेरणी यंत्रं, काही कुट्ट्या, पंप आणि सुट्या भागांचा कपाटभर माल मांडायचा तर आठ-दहा लाखांखाली दुकान दुकानासारखं दिसत नाही. आणि हे आठ-दहा लाख वर्षभरात गावोगाव पसरतात. 'कांदा विकला की देतो', 'कापसाचे आले की देतो', 'पुतण्याच्या लग्नानंतर बघू'. नाही म्हणाल तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हो म्हणाल तर वसुलीला तुम्हालाच फिरावं लागतं. ट्रॅक्टरला फायनान्स कंपन्या रांगेने उभ्या असतात. तीस हजारांच्या कुट्टीला सहसा कुणी नसतं. तिथे फायनान्स कंपनी म्हणजे दुकानदारच.

यात अनुदानाची भर पडते. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारांना अनुदान मिळतं, आपल्याकडे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतो. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना बहुतेक अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत, आणि दोन्हीला कमाल मर्यादा. ट्रॅक्टरला ती मर्यादा अनुक्रमे सव्वा लाख आणि एक लाख आहे. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून आधी अर्ज करील त्याला आधी, असं झालं. निवड झाली की कोटेशन आणि यंत्राचा तपासणी अहवाल जोडायचा, पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची, जीएसटीचं बिल अपलोड करायचं, मग मोक्यावर तपासणी, आणि शेवटी आधार जोडलेल्या खात्यावर रक्कम. नियमाने शेतकऱ्याने आधी पूर्ण पैसे भरायचे असतात. प्रत्यक्षात तो निम्मे घेऊन येतो आणि उरलेले 'अनुदान आलं की' देतो. अनुदान त्याच्या खात्यावर येतं, दुकानदाराच्या नाही. ते आल्याचं तुम्हाला कुणी सांगत नाही, आणि तोवर त्या पैशांतून खताची पोती आलेली असतात.

म्हणून अनुदानाच्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं असेल तर एकच पद्धत मला पटते: अर्ज भरण्यापासून मोका तपासणीपर्यंत त्याचं काम आपणच हातात घ्यायचं. फाइल कुठे अडकली आहे ते तुम्हाला माहीत असतं, आणि माणूसही बांधला जातो. त्यात वेळ जातो, पण पोर्टल नीट चालवणाऱ्या दुकानदाराकडे पुढच्या गावातून माणसं येतात. सहायक कृषी अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे कृषी सहायक) बोलणं सरळ ठेवा. बिल वाढवून देण्याच्या भानगडीत मात्र अजिबात नको. तपासणीत ते निघतं आणि मग सगळ्याच फाइलींकडे संशयाने बघितलं जातं.

२०२५ च्या सप्टेंबरने दाखवलेला फरक

ट्रॅक्टर आणि बहुतेक शेती अवजारांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कर कमी होणार याची घोषणा १५ ऑगस्टलाच झाली होती, त्यामुळे मधले पाच आठवडे लोक थांबून राहिले. त्यात पितृपक्षही आला. शोरूममधल्या पोरांचा तो काळ रिकामा गेला. मग घटस्थापनेलाच नवा दर लागू झाला. करापूर्वीची किंमत सात लाख असलेल्या ट्रॅक्टरवर थेट ४९,००० रुपये वाचत होते, आणि दहा दिवसांवर दसरा. सेल्समनचं नुकसान झालं ते काही आठवड्यांच्या इन्सेन्टिव्हचं, आणि ते भरून निघण्यासारखं होतं.

दुकानदाराचं वेगळं. त्याने जुना माल १२ टक्के कर भरून आणला होता, विकायचा होता ५ टक्क्यांनी. जास्त भरलेला कर क्रेडिट म्हणून खात्यावर दिसत राहतो, पुढच्या करात हळूहळू वळता होतो, पण रोख हातात येत नाही. त्याच सप्टेंबरात धाराशिव, बीड, सोलापूर भागात अतिवृष्टीने रानंच्या रानं वाहून गेली. ज्याचं सोयाबीन गेलं त्याच्याकडे उधारी मागायला कोणत्या तोंडाने जाणार? शोरूमच्या सेल्समनला निदान हा प्रश्न पडत नाही.

भाग कुठला, त्यावरही आहे

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात छोटे ट्रॅक्टर आणि बागेत फवारणीचे ब्लोअर दोन्ही चालतात, बागायतदाराकडे पैसा फिरता असतो, तिथे दुकान लवकर उभं राहतं. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनसाठी बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्राला मागणी असते, पण ती मोजक्या आठवड्यांची. पाऊस लांबला की माल तसाच उभा. कोकणात ट्रॅक्टरच्या नोकरीला फारसा अर्थ नाही. खाचरं लहान, उतार जास्त. तिथे पॉवर टिलर, पॉवर विडर आणि ब्रश कटरचं दुकान, सोबत दुरुस्ती, हेच बरं.

दुरुस्तीवरून आठवलं. शोरूममध्ये मशीन बंद पडलं तर फोन वर्कशॉपकडे ढकलता येतो. दुकानात तो तुमचाच. स्वतःला पाना धरता येत नसेल तर एक चांगला मिस्त्री टिकवून ठेवावा लागतो, आणि चांगला मिस्त्री स्वस्तात मिळत नाही. डिझेल मेकॅनिक झालेल्याला म्हणूनच दुकान जास्त मानवतं.

कंपनीची नोकरी: पगार या दोन्हींपेक्षा बरा, गाडीभत्ता, पीएफ. पण तिथे बहुधा कृषी अभियांत्रिकी, बी.एस्सी. ॲग्री किंवा एमबीए लागतं, आणि बदली तीन जिल्हे ओलांडून होते. तुम्ही शेतकऱ्याला विकत नाही, डीलरच्या गळ्यात माल घालता. महिनाअखेरीला डीलरच्या गोडाऊनमध्ये किती ट्रॅक्टर उतरवले यावर सगळं मोजलं जातं. ज्याला घर सोडायचं नाही त्याने हा विचार करू नये.

माझं मत विचाराल तर: घरून भांडवल नसेल किंवा नाही म्हणताना जीभ अडखळत असेल, तर दोन-तीन वर्षं शोरूम करा. पगारासाठी नव्हे, तेवढ्या काळात तालुक्यातला कोण पैसे बुडवतो आणि कोण शब्दाला पक्का आहे याची यादी डोक्यात तयार होते म्हणून. पुढे दुकान टाकलंत तर ही यादी भांडवलाइतकीच कामाला येते. घरची थोडी शेती असेल, पगाराशिवाय वर्षभर तग धरता येत असेल आणि हातात मिस्त्रीकाम असेल, तर शोरूममध्ये वेळ घालवू नका.

गाळा बघताना बाजार समितीच्या रस्त्यावरचा बघा, भाडं जास्त पडलं तरी. समोर ट्रॉलीसकट ट्रॅक्टर वळेल एवढी जागा हवी. आणि पहिल्या वर्षी एकाच कंपनीची डीलरशिप घेऊन टार्गेटची सही करू नका. आधी पाती आणि नोझल विकून गिऱ्हाईक कुठल्या गावांतून येतं ते बघा.