२८० डॉलरचा खापरपणजोबा

लेक दिली ऑस्ट्रेलियात, टास्मानिया बेटावरच्या होबार्टला. विहीणबाईंची सत्तरी आली, त्यांना साडी देऊन काय उपयोग? म्हणून म्हटलं, त्यांची जुनी हौस पुरवावी. त्यांचा खापरपणजोबा इंग्लंडहून तिथे काळ्या पाण्यावर, कैदी म्हणून आलेला. पूर्वी घरात त्याचं नावही कुणी काढत नसे, आता मात्र तिकडे असा पूर्वज मिरवतात.

त्र्यंबकेश्वरला उपाध्यांनी वही उघडून आमच्या आजेसासऱ्यांची सही दाखवली होती, तेच माझ्या डोक्यात. दक्षिणा दिली की पिढ्या मिळतात! त्यामुळे नेटवर ‘कैद्यांच्या वंशावळीचे संशोधक’ भेटले तेव्हा शंकाच आली नाही. आधी १२० डॉलर घेतले. आठवड्याने निरोप आला, ‘मूळ दप्तर सापडलं, प्रमाणित प्रतीचे आणखी १६०. उद्यापर्यंत भरा, नाहीतर फाईल परत तळघरात जाईल.’ तळघरात! आता हसू येतं, पण तेव्हा भरले.

पीडीएफ आली ती लाखेच्या शिक्क्याचं चित्र असलेली, पिवळट पानांची. व्हिडिओ कॉलवर कौतुकाने दाखवली, तर लेक म्हणाली, “आई, किती दिलेस ते आधी सांग.”

पहिलंच पान १८११ चा सरकारी जन्मदाखला. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली जुलै १८३७ मध्ये, त्याआधी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. दुसऱ्या पानावर ‘टास्मानिया तुरुंग खाते, १८३४’. बेटाला हे नाव मिळालं १८५६ मध्ये, तोवर ते व्हॅन डीमेन्स लँड होतं. आणि आतला माणूस? आडनाव इतकं सामान्य की त्याच नावाचे तीन कैदी निघाले, त्यातला भलताच कुणी उचलून आम्हाला चिकटवलेला.

खरा माणूस लेकीने एका संध्याकाळी शोधला, फुकटात. टास्मानियाच्या सरकारी दप्तरखान्यातल्या कैद्यांच्या नोंदी ऑनलाइन खुल्या आहेत. कैद्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागायची आणि त्या नोंदवहीत नावापुढे जहाजाचं नाव असे. खापरपणजीचं नाव विहीणबाईंना ठाऊक होतं, त्यावरून जहाज कळलं. नावं सारखी असली तरी जहाज वेगळं. तिकडचं गोत्रच म्हणा ना. मग वर्तनाची नोंद उघडली. मेंढी चोरली म्हणून जन्मठेप, आणि खाली होबार्टमध्ये दारू पिऊन सापडल्याच्या ओळीवर ओळी. विहीणबाई खूश!

पैसे घेऊन प्रामाणिकपणे काम करणारेही आहेत, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही. पण पैसे देण्याआधी दप्तराचा क्रमांक मागा. सुरुवातीच्या काळातल्या पुरुष कैद्यांच्या वर्तननोंदी ‘सीओएन ३१’ या मालिकेत आहेत. माझ्या फाईलवर शिक्के चार आणि क्रमांक एकही नाही. लंडनचा खटला असेल तर ओल्ड बेली या तिथल्या फौजदारी कोर्टाचे १६७४ ते १९१३ चे खटलेही फुकट वाचता येतात.

बँकेने तक्रार लिहून घेतली, वर म्हणाले, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत.’ संशोधकांचा ईमेल तेव्हापासून बंद आहे.