बँक विलीनीकरणानंतरचं सीबीएस: शाखा-शाखांनी की एकदम?

लहान बँकेच्या आयटीत आठ माणसं, आणि विलीन झालेल्या बँकेच्या दादर ते मुलुंड वीस शाखा आपल्या सीबीएसमध्ये (सगळ्या शाखांची खाती चालवणाऱ्या कोअर बँकिंग प्रणालीत) सामावून घ्यायच्या. टप्प्याटप्प्याने जाणं सुरक्षित वाटतं. पण मग दोन सीबीएस महिनोन्‌महिने चालतात, एएमसी (वार्षिक देखभाल शुल्क) दोन्हींचं भरायचं आणि आंतरशाखा खातं (शाखाशाखांमधल्या व्यवहारांचं) रोज जुळवायचं. माणसं त्यातच संपतात.

एकदम जायचं तर दुसऱ्या शनिवार-रविवारची सुट्टी मिळते. आधी तीन तरी रंगीत तालमी हव्यात. गाडी बहुधा व्याजात अडते: जुनी प्रणाली रुपयात पूर्णांक करते, नवी पैसे धरते, खात्यागणिक काही पैशांचा फरक, की ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाजूंचा ताळा) जुळत नाही. एकाच पॅनवर दोन ग्राहक क्रमांक, हा दुसरा खड्डा (तो आधीच बुजवा). लहान बँकेने एकदमच जावं. जुने आयएफएससी मात्र काही महिने नव्याकडे वळते ठेवावेत, नाहीतर पगार परत जातात.