पिनकोड विचारला, काय पितो ते नाही

तासगाव भागात माझं कृषी सेवा केंद्र आहे, बावीस वर्षं झाली. द्राक्षवाला शेतकरी पान घेऊन काउंटरवर येतो आणि म्हणतो, "डाग पडलेत, द्या काहीतरी." मी पान उलटं करून बघतो. खालच्या बाजूला पांढरी बुरशी असेल तर डावणी, वर राख भुरभुरल्यासारखं असेल तर भुरी. छाटणी कधीची, काल पाऊस होता का, आधी काय मारलंय, हे विचारल्याशिवाय माझ्या दुकानात डबा फळीवरून खाली येत नाही. भुरीला गंधक चालतं, डावणीला त्याचा उपयोग नाही. आणि तेच गंधक कडक उन्हात मारलं तर पानच करपतं.

एवढं कळणाऱ्या माणसाने स्वतःच्या भावासाठी "सर्व व्यसनांवर एकच औषध" असं छापलेली पावडर विकत घेतली. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. गेल्या वर्षभरात आमच्याच भागातल्या आणखी दोन घरांत तोच डबा निघाला.

बाळू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटा. देशी प्यायचा, दिवसाला तीन क्वार्टर, कधी जास्तच. सकाळी त्याचे हात थरथरायचे, चहाचा कप बशीवर वाजायचा. एक नाइन्टी पोटात गेली की हात थांबायचे. आम्ही सगळे म्हणायचो, बघा, कसा निर्लज्ज झालाय, दात घासायच्या आधी पितो. ते थरथरणं म्हणजे शरीर काय सांगत होतं, हे त्या वेळी घरात कोणालाच माहीत नव्हतं.

ऑक्टोबर छाटणीचा सीझन होता, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. रात्री फेसबुकवर जाहिरात आली. "पेशंटला न सांगता दारू, गुटखा, गांजा, ड्रग्ज सोडवा. शंभर टक्के आयुर्वेदिक. १५ दिवसांत फरक." मी नंबर टाकला. पाच मिनिटांत एका "डॉक्टरसाहेबां"चा फोन आला. गोड आवाज, प्रत्येक वाक्याला "दादा". त्यांनी मला विचारलं ते एवढंच: नाव, गाव, पिनकोड, आणि पैसे आता पाठवताय की कुरिअरवाल्याच्या हातात देताय. ३,८०० रुपये. बाळू काय पितो, किती पितो, कधीपासून, लिव्हर कसं आहे, बीपीची गोळी चालू आहे का, यातलं एक अक्षर नाही. माझ्या दुकानात कोणी अशा पद्धतीने औषध विकलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं असतं.

बाळूच्या बायकोने आमटीतून पावडर द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नेहमीसारखा पिऊन आला आणि दहा मिनिटांत तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. मग डोळे फिरवून ओसरीत आडवा. गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, बीपी पार खाली गेलं होतं. मी घाबरून त्या गोड आवाजाला फोन केला. तो काय म्हणावा? "अभिनंदन दादा, औषध लागू पडलं! शरीर दारू नाकारायला लागलं."

डायसल्फिराम नावाची एक खरीखुरी अ‍ॅलोपॅथीची गोळी आहे. ती पोटात असताना दारू प्यायली की असंच होतं. ती फक्त दारूवर आहे. गांजा, गुटखा, गोळ्या यांच्याशी तिचा काही संबंध नाही. माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, हृदय आणि लिव्हर तपासून देतात, आणि शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास गेल्यावर. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी तिची रिअ‍ॅक्शन होऊ शकते. जेवणात लपवून दिली तर माणूस दगावू शकतो. आमच्या पावडरीत तीच होती का, हे तपासून घेतल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू शकत नाही आणि डबा तोवर आम्ही फेकून दिला होता. तुमच्या घरी असा डबा असेल तर फेकू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच एक पुरावा असतो.

खरी फसवणूक पुढे आहे. "पेशंट हट्टी दिसतोय," तो आवाज म्हणाला, "आपल्या ओळखीचं निवासी केंद्र आहे, तिथे तीन महिन्यांचा कोर्स करा." ३,८०० रुपये हे नुसतं आमिष होतं, हे आज कळतं. ४५,००० आगाऊ, गाडीचे ६,००० वेगळे. सोमवारी रात्री नऊला गाडी आली, दोन धिप्पाड पोरांनी बाळूला काखेत धरून उचललं. आई दारात उभी राहून रडत होती आणि मी तिला सांगत होतो, त्याच्या भल्यासाठीच आहे.

ऑफिसात भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं होती. मला वाटलं, सरकारमान्य आहे. नंतर नीट वाचली तेव्हा कळलं, एक होतं संस्था नोंदणीचं, दुसरं धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं. भजनी मंडळ काढलं तरी हे दोन कागद मिळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जचा आजारही येतो. अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे लागते. तो कागद भिंतीवर नव्हता. शंभराच्या स्टॅम्पवर मी सही केली की पेशंटला काही झाल्यास संस्था जबाबदार नाही. आणि पावतीवर लिहिलं होतं "देणगी". तो शब्द मी वाचला होता. टॅक्सचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिला.

मी मॅनेजरला विचारलं, "इथे कुठले कुठले पेशंट असतात?" तो म्हणाला, "साहेब, व्यसन ते व्यसन. आम्ही भेदभाव करत नाही." किती छान वाटलं ऐकायला! एका हॉलमध्ये तीसेक माणसं. बाळूच्या शेजारी मुंबईकडचा एक मुलगा, बावीस-तेवीसचा, ब्राउन शुगरवाला, म्हणजे हलक्या हेरॉइनची नशा करणारा. पलीकडे एक रिटायर्ड ड्रायव्हर, वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या खाणारा. आत गेल्या गेल्या तिघांचंही सगळं एका दिवसात बंद. तिघांना सकाळी तोच काढा, तीच प्रार्थना, तोच थंड पाण्याचा "उपचार". तोंड उघडलं तर तीच काठी. एकवीस दिवस घरच्यांनी भेटायचं नाही, फोन नाही.

बुधवारी पहाटे बाळूला फिट आली. गुरुवारी त्याला भिंतीवरून किडे चालताना दिसायला लागले, अंगात फणफणून ताप, कपडे घामाने ओले, आईला हाका मारत होता. वॉर्डबॉय म्हणाले, नाटक करतोय. कोणीतरी ग्लुकोजची बाटली लावली. गुरुवारी रात्री अकराला फोन आला, "तुमचा पेशंट घेऊन जा, आमच्याच्याने सांभाळला जात नाही." गाडीत घालून मिरजेला आणला तेव्हा त्याने मला ओळखलं नाही.

मिरजेच्या डॉक्टर मॅडमनी स्ट्रेचर थांबवून पहिला प्रश्न विचारला, "काय पितात? किती? शेवटची कधी घेतली?" तीन प्रश्न. पन्नास हजार घालवून जे कोणी विचारलं नव्हतं ते मॅडमनी अर्ध्या मिनिटात विचारलं, फुकट.

सहा दिवस आयसीयू. हळूहळू मॅडम सांगत गेल्या आणि मी माझ्या भाषेत समजून घेत गेलो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम सुरू होऊ शकतो, आणि त्यात माणूस मरू शकतो. सकाळचे थरथरणारे हात ही त्याचीच आगाऊ सूचना. अशा माणसाला चार-सहा दिवस ठरावीक गोळ्यांच्या आधाराने, डोस उतरवत, खाली आणायचं असतं. त्यातही लिव्हर खराब असेल तर गोळी वेगळी. बाळूचं होतं, म्हणून नेहमीची बदलून लोराझेपाम दिली. आणि शिरेतून बी-वन जीवनसत्त्व. केंद्रात बी-वन न देता नुसतं ग्लुकोज लावलं, हे ऐकून मॅडम पहिल्यांदा चिडल्या. दारूने शरीरातलं बी-वन संपलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

मी त्या मुलाबद्दल विचारलं. ब्राउन शुगर तोडली की नाक गळतं, अंग मोडून येतं, जुलाब, अंगावर काटा, माणूस गडाबडा लोळतो. पण त्याने माणूस सहसा मरत नाही. मरण्याचा धोका नंतर असतो. दोन-तीन महिने बंद राहिल्यावर शरीराची सहन करायची ताकद उतरते, आणि बाहेर पडून त्याने जुन्या मापाने घेतली तर श्वास थांबतो. म्हणून अशांना जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, महिनोन्‌महिने, कधी वर्षंही. लोक म्हणतात, हे एका नशेतून दुसऱ्या नशेत घालणं झालं. मीही म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "इन्सुलिन घेणाऱ्याला तुम्ही असं म्हणता का?"

नाल्ट्रेक्सोनची गोष्ट तर मी दुकानात शेतकऱ्यांना सांगतो. ही गोळी दारूची ओढ कमी करायला देतात, आणि ब्राउन शुगर सुटलेल्यालाही देतात. पण ज्याच्या अंगात ब्राउन शुगर अजून आहे त्याला दिली तर थोड्याच वेळात त्याचे हाल कुत्रं खाणार नाही. आधी सात ते दहा दिवस पूर्ण बंद हवी. गोळी तीच, फक्त वेळ चुकली. गंधक आणि ऊन, तसंच.

झोपेच्या गोळ्यावाल्या ड्रायव्हरचं ऐकून तर माझ्या पोटात गोळा आला. त्या गोळ्याही एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते. आठवडे, महिने लावून थोडं थोडं कमी करत यावं लागतं. उलट गांजाला अशी खास गोळीच नाही, मेफेड्रोनला, म्हणजे पोरं ज्याला एमडी म्हणतात त्यालाही नाही. तिथे समुपदेशनावर भर, आणि झोप, उदासी, भास यांवर लागतील तसे उपचार. म्हणजे "गांजा सोडवायची हमखास पावडर" विकणारा माणूस अस्तित्वातच नसलेली वस्तू विकतोय.

हे सांगताना मॅडमचं लक्ष माझ्या खिशातल्या पुडीकडे गेलं. "तुमचं काय?" मी म्हटलं, तंबाखू, चुना, साधंच. "सकाळी उठल्यावर किती वेळात पहिला बार?" मी म्हटलं, डोळे उघडले की. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनचं च्युइंगम चार मिलिग्रॅमचं, नंतर लागत असेल तर दोनचं. तिथेही माप घेतलंच! मी अजून पूर्ण सोडलेली नाही, खोटं कशाला बोलू. १८००-११-२३५६ या तंबाखू सोडवायच्या सरकारी क्विटलाइनवर दोनदा बोललोय.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. वेगवेगळ्या व्यसनांची माणसं एकत्र बसवणं हे काही पाप नाही. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ मध्ये गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यातल्या मुलांसाठी सुरू झालं, आज तिथे दारूचे रुग्णही असतात. मनाचं काम, घरच्यांना सामावून घेणं, गटात बोलणं, हे पुष्कळसं सगळ्यांना सारखंच. पण ते शरीर सावरल्यानंतर, आणि सावरायची वाट प्रत्येकाची निराळी. आमच्या केंद्राने "भेदभाव नाही" म्हणत तेवढाच भाग गाळला, कारण त्याला डॉक्टर ठेवावा लागतो.

पैशांचं काय झालं? पावडरीचे मी ऑनलाइन भरले होते; १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली तेव्हा तीन आठवडे उलटले होते, खातं रिकामं. ही तक्रार जितक्या लवकर केली तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त असते. केंद्राकडे गेलो तर मॅनेजरने माझीच पावती माझ्यापुढे धरली, "देणगी परत मिळत नाही." वकील म्हणाले, सेवेची फी म्हणून पावती असती तर ग्राहक आयोगात केस सरळ होती, आता आधी ती फीच होती हे सिद्ध करा. सिद्ध करतोय. प्राधिकरणाकडेही अर्ज दिलाय. तुम्हाला आज रात्री कोणाला विचारायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत.

बाळूला आता अकॅम्प्रोसेट चालू आहे, दारूपासून लांब राहायला मदत करणारं औषध, दिवसाला सहा गोळ्या. लिव्हरवर भार टाकत नाही म्हणून निवडली. मधे दोनदा पिऊन झालं. दोन्ही वेळा त्याची बायको भांडली नाही, सरळ मिरजेला घेऊन गेली. ठीक चाललंय म्हणायचं.

त्याला केंद्रातून आणलं तेव्हा त्याच्या अंगावर एक निळा स्वेटर होता, आमचा नव्हे. थंड पाण्यानंतर तो कुडकुडत होता तेव्हा त्या ब्राउन शुगरवाल्या मुलाने स्वतःच्या अंगातला काढून घातला होता. त्याला स्वतःला हुडहुडी भरलेली असताना. बाळूला त्या तीन दिवसांतलं एवढंच आठवतं. मुलाचे तीन महिने जानेवारीत संपले असणार. बाहेर पडण्याचा दिवसच धोक्याचा, हे त्याच्या घरी कोणी सांगितलं असेल का, म्हणून मी केंद्राला दोनदा फोन करून त्याच्या घरचा नंबर मागितला. पेशंटची माहिती गोपनीय असते, असं उत्तर मिळालं.