चौरागड की गाविलगड : नागपूरहून दोन दिवसांसाठी निघताना

शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रात्री घरी पोचायचं, एवढीच सवड असेल तर सातपुड्यातल्या दोन वाटा समोर येतात. सावनेर-छिंदवाड्यावरून पचमढी आणि तिथला माथ्यावर महादेवाचं मंदिर असलेला चौरागड, नाहीतर अमरावती-परतवाड्यावरून चिखलदरा आणि गाविलगड. अंतर दोन्हीकडे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. घाट धरून पाच-सहा तास लागतात. त्यामुळे निवड अंतरावरून करू नका. सोबत कोणाचे गुडघे आहेत आणि महिना कोणता आहे, ते बघा.

गाविलगडाची सोय अशी की चिखलदऱ्याचं पठार सुमारे ११०० मीटर उंच, आणि त्या उंचीवर तुम्हाला गाडीच नेऊन ठेवते. किल्ला पठाराला उत्तरेकडून जोडलेला आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी याच बाजूने तोफा लावून तट फोडला. दक्षिणेचे कडे चढून येणं फार कठीण होतं. आपल्यालाही याच जोडामुळे दमछाक न होता दरवाजापर्यंत जाता येतं. शार्दूल दरवाजावरचं शिल्प, तलाव, तोफा, मशीद असं सगळं निवांत पाहायला तीन-चार तास पुरतात. आठ वर्षांचं पोर आणि साठीतली आई बरोबर असतील तर दुसरा विचारच करू नका.

पण सोपी वाट म्हणजे बिनधोक वाट नव्हे. पावसाळा सरता सरता किल्ल्यातलं गवत कमरेपर्यंत येतं. त्याखाली ढासळलेल्या भिंतींचे दगड असतात, आणि घोणस, फुरसं अशाच दगडांच्या आडोशाला बसतात. हातात काठी ठेवा, आधी ती आपटा, मगच पाय टाका. दरवाजातून शिरण्याआधी एकदा मान वर करून कमान बघा. काळपट पडदा लोंबल्यासारखं दिसलं आणि जवळ गेल्यावर त्यावरून लाट सरकल्यासारखी हालचाल झाली, तर ते आग्या मोहोळ आहे. अत्तर, डिओ, सिगारेट आणि आरडाओरडा तिथे नकोच. माश्या उठल्या तर हातवारे करू नका. ओढणीने तोंड-डोकं झाकून सरळ लांब पळा. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांवरची कड दिसत नाही. अशा दिवशी कड्याच्या पॉइंटवर जाऊच नये. किल्ला मेळघाटच्या जंगलात आहे, म्हणून नाक्यावर नोंद करून जा आणि अंधार पडण्याआधी बाहेर पडा. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. तेव्हा भल्या पहाटे झाडाखाली अस्वल असू शकतं, म्हणून बोलत चाला आणि एकटं पुढे जाऊ नका.

चौरागडाला मात्र पाय लागतात. महादेवाच्या गुहेपासून जाऊन-येऊन सात किलोमीटरच्या आसपास चाल आहे, त्यात सुमारे १३०० पायऱ्या. उंची एकसारखी नसल्याने लय लागत नाही. विदर्भातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन इथे पिढ्यान्‌पिढ्या येतात. पण महाशिवरात्रीच्या गर्दीत ट्रेक म्हणून जाऊ नका, पायरीवर थांबायलाही जागा मिळत नाही. चढायला दोन-अडीच तास धरा. खरी कसोटी उतरताना लागते. मांड्या थरथरायला लागल्या की थांबा, पाय तिरका टाकून उतरा.

पचमढीचे धबधबे आणखी फसवे, कारण तिथे आधी उतार येतो आणि मग चढ. जाताना हलकं वाटतं, परतताना भर दुपारी तेवढ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून चौरागड आणि बी फॉल एकाच दिवशी करू नका. शिवाय इथला दगड वालुकाश्म आहे. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी सावलीतलं शेवाळ ओलंच राहतं. चिखलदऱ्याचा काळा दगड लवकर वाळतो, पण सुटे गोटे पायाखाली गडगडतात. दोन्हीकडे खोल खाचांचे बूट हवेत. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज दोन्हीकडे घसरवतात. वर पाऊस होऊन झऱ्याचं पाणी गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहू लागला, तर त्याच क्षणी बाहेर या. पचमढीजवळची नागद्वारीची गुहा व्याघ्र प्रकल्पात येते, तिथे नागपंचमीच्या यात्रेव्यतिरिक्त जायचा विचार नको.

मे महिन्यात दोन्हीकडे नागपूरपेक्षा पाचेक अंश कमी, एवढंच. नागपूर ४४ वर असेल तर तिथे ३९, आणि ३९ मध्ये चढणं हे उष्माघाताला आमंत्रण आहे. आमच्या मते पावसाळ्यात, धुकं नसेल त्या दिवशी, चिखलदरा; नोव्हेंबर ते फेब्रुवारी पचमढी. तिथे रात्री कडाक्याची थंडी पडते, स्वेटर विसरू नका.

पाणी थंडीत माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात चार. नुसतं पाणी ढोसू नका, सोबत ओआरएस घ्या. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शिदोरीत संत्री, गूळ-शेंगदाणे. दरीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि परतायची वेळ हॉटेलवाल्याला सांगून जा. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारतं. दुपारचे दोन वाजले की माथा दिसत असला तरी मागे फिरायचं.

साप चावलाच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. सूज चढण्याआधी अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेल्या पायाला काठी बांधून तो हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून न्या. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर दोन्ही राज्यांत चालतो. प्रतिविष कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे, हे मात्र चढायच्या आदल्या रात्री मुक्कामाच्या गावात विचारून ठेवा.