उडता रणगाडा, त्याचा बेस आणि गोव्याचा पावसाळा : काही महिन्यांच्या वापरानंतर

टेबलावरच्या युद्धखेळात वापरायचा उडता रणगाडा म्हणजे सुटे भाग जोडून करायचे प्लास्टिकचे छोटे मॉडेल. त्याच्या किटच्या डब्यात काय मिळते, भाग किती असतात आणि तोफेचे पर्याय कोणते, हे खेळणाऱ्यांना ठाऊकच असते, म्हणून त्याची उजळणी करत नाही. मला लिहायचे आहे ते या वाहनाच्या बुडाखालच्या भागाबद्दल, म्हणजे त्याला हवेत उचलून धरणारी पारदर्शक दांडी आणि ती ज्यात रोवतात तो चकतीसारखा बेस यांच्याबद्दल. डिचोलीसारख्या गावात, जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात, तिथे अशा वाहनाचे आयुष्य याच दोन गोष्टी ठरवतात, आणि परीक्षणे लिहिणारे मात्र त्यांना दोन ओळींत उरकतात. जुलैच्या मध्यावर माझ्या रणगाड्याचा बेस कडांनी फुगला, दांडीचे भोक सैल झाले आणि डाव रंगात आला असताना वाहन टेबलावर आडवे पडले. त्यानंतर बेसच्या विक्रेत्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्यामुळे हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटू लागले.

आधी किमतीविषयी. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. जोडणीची प्रमाणबद्ध मॉडेलेही सीमाशुल्काच्या त्याच वर्गात मोडतात. त्यामुळे असे मोठे वाहन घेताना ते पुढची अनेक वर्षे टेबलावर उभे राहिले पाहिजे, एवढी अपेक्षा मी ठेवतो आणि ती अवाजवी आहे असे मला वाटत नाही. एका हंगामात निकामी होणाऱ्या वस्तूसाठी इतके पैसे मोजणे मला परवडत नाही, आणि परवडले असते तरी ते मला पटले नसते.

जोडणीबद्दल तक्रार नाही. भाग पॉलिस्टायरीनचे आहेत आणि साच्याच्या रेघा पात्याच्या पाठीने खरवडल्या की सहज निघतात. प्लास्टिक सिमेंट हे खरे तर चिकटवणारे द्रव्य नसून विद्रावक आहे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवते आणि विद्रावक उडून गेल्यावर दोन भागांचा एक भाग होतो. याच कारणाने संपूर्ण पावसाळ्यात सांगाड्याचा एकही सांधा उघडला नाही. चालकाच्या पारदर्शक काचेला मात्र मी सुपरग्लू लावले नाही, फेविकॉल लावले. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होते आणि दमट, कोंडलेल्या हवेत त्याची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर पांढऱ्या थराच्या रूपाने बसते. काचेवर बसलेला तो थर नीट निघत नाही. रंगाआधीचा पहिला हात, म्हणजे प्रायमर, फवारण्याचे काम मे महिन्याच्या आत आटोपले, आणि गोव्यात फवारणीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने तसेच करावे.

आता बेस. किटबरोबर आलेला गोल बेस या लांबट वाहनासाठी अपुरा आहे. नाक थोडे जरी पुढे झुकले तरी तोल जातो. म्हणून मी देशातल्याच एका विक्रेत्याकडून एमडीएफ या दाबीव लाकडी तक्त्याचा मोठा लंबवर्तुळाकार बेस आणि त्याबरोबर सजावटीच्या वाळूची पुडी मागवली. पहिले काही आठवडे मी समाधानी होतो. वाहन ताठ उभे राहत होते, कोरलेले भोक अचूक होते आणि बेस वजनाला हलका असला तरी रुंदीमुळे स्थिर वाटत होता. त्या वेळी परीक्षण लिहिले असते, तर मी या बेसची मनापासून शिफारस केली असती.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक तंतुमय चुरा राळेत मिसळून दाबून केलेला तक्ता. त्याचे वरचे आणि खालचे पृष्ठभाग घट्ट व गुळगुळीत असतात, पण कापलेल्या कडांवर तंतू उघडे पडतात आणि तिथून ओलावा आत शिरतो. लेसरने कापलेली कड काळी होते, पण बंद होत नाही. ओल शोषल्यावर तक्ता प्रामुख्याने जाडीत फुगतो आणि सुकल्यावरही पहिल्या जाडीवर पूर्णपणे परत येत नाही. दांडीचे भोक हीसुद्धा एक कापलेली कडच असते, आणि वाहनाचा सगळा भार त्याच जागी येतो, ही गोष्ट बेस विकणाऱ्याने तरी विचारात घ्यायला हवी होती.

तरीही केवळ हवेने इतक्या लवकर इतके फुगणे मला पटत नव्हते, म्हणून मी पुडीतली उरलेली वाळू स्वच्छ पाण्यात भिजवली, वरचे पाणी ताटलीत काढले आणि आटू दिले. ताटलीत मिठाचा पांढरा पापुद्रा राहिला. वाळू समुद्रकाठची होती आणि ती धुतलेली नव्हती. मुख्य दोष इथे आहे, आणि त्यावर थोडे थांबून लिहितो, कारण किनारपट्टीवरच्या प्रत्येक खेळाडूशी त्याचा संबंध आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि त्यात विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते याहून कितीतरी कमी आर्द्रतेत पाणी धरते. पणजीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो, आणि जुलैत आर्द्रता कित्येक दिवस ७५ टक्क्यांच्या खाली येत नाही. याचा अर्थ असा, की खारट वाळूने सजवलेला बेस बंद कपाटात ठेवला तरी रोज स्वतःहून ओला होत राहतो. त्या ओलीने वाळू चिकटवणारे फेविकॉल मऊ पडते, एमडीएफला सतत पाणी मिळते आणि वाहन पत्र्याच्या पेटीत उभे राहावे म्हणून बेसखाली चिकटवलेल्या लोहचुंबकाचा निकेलचा मुलामा कुठे खरचटलेला असेल तर तिथून गंज चढतो. माझ्या बेसवर या तिन्ही गोष्टी घडल्या.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्याचे पहिले उत्तर असे आले, की तुमच्याकडून पाणी सांडले असेल. ताटलीतल्या मिठाचे छायाचित्र पाठवल्यावर उत्तर बदलले आणि दमट हवामानामुळे झालेले नुकसान परताव्याच्या अटींत बसत नाही, असे कळवण्यात आले. वस्तूच्या पानावर दमट हवामानाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. पार्सल गोव्याच्या पत्त्यावर पाठवताना हवामानाची अडचण कोणाला आठवली नाही, आणि पैसे परत मागितल्यावर ती आठवली, याचा मला आजही राग आहे. शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ करण्यात आले. जी वस्तू टिकत नाही तीच पुन्हा स्वस्तात घेण्यात काटकसर नाही, म्हणून मी ते नाकारले.

नवा बेस मी म्हापशात पाट्या आणि नामफलक करणाऱ्या एका कारागिराकडून ३ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकमधून कापून घेतला. अशा दुकानांत कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. त्यांतून मला हवा तो लंबवर्तुळ निघाला आणि मागवलेल्या एमडीएफपेक्षा तो स्वस्त पडला. कड कानशीने उतरती केली आणि पॉलिश पेपरने घासली. अ‍ॅक्रिलिकवर पॉलिस्टायरीनचे सिमेंट भरवशाचे नाही, म्हणून सगळे सांधे समभाग मिसळलेल्या दोन नळ्यांच्या इपॉक्सीने केले. इपॉक्सीला घट्ट व्हायला वेळ लागतो, पण सुपरग्लूचा सांधा आडव्या धक्क्याने जसा कडकन सुटतो तसा तो सुटत नाही.

तोल खाली आणण्यासाठी वजन हवे होते. लोखंडी वायसर गंजतात आणि नेहमी मिळणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस वायसरांना चुंबक धरत नाही. एक रुपयाचे नाणे मात्र फेरिटिक स्टेनलेस पोलादाचे असते. ते सहसा गंजत नाही, त्याला चुंबक चिकटतो आणि त्याची किंमत एक रुपयाच असते. बेसच्या खालच्या बाजूला कडेने अशी नाणी, न कापता आणि न छेदता, इपॉक्सीने बसवली. वाहन आता मुद्दाम तिरके केले तरी सरळ होते, शिवाय पत्र्याच्या पेटीत ते चुंबकाने जागच्या जागी उभे राहते. या साऱ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद या नाण्यांनी दिला.

दांडीबद्दल माझे मत मध्येच बदलले, ते नोंदवणे आवश्यक आहे. पारदर्शक पॉलिस्टायरीन ठिसूळ असते, आणि सुरुवातीला मला ही दांडी म्हणजे उत्पादकाने केलेली काटकसर वाटत होती. माहितीपत्रकात वरचे टोक चिकटवू नये असे छापले आहे, तेही मला अर्धवट रचनेचे लक्षण वाटले होते. जुलैत वाहन पडले तेव्हा वरचे टोक खोबणीतून अलगद निसटले, आणि म्हणूनच बुडाच्या पत्र्याला किंवा दांडीला तडाही गेला नाही. ते चिकटलेले असते, तर धक्का थेट सांगाड्यात गेला असता. म्हणून आता वरचा सांधा मी सुटाच ठेवला आहे आणि मजबुती फक्त खालच्या टोकाला दिली आहे. हाताच्या ड्रिलने दांडीत सावकाश भोक पाडून त्यात पितळेची बारीक सळी घातली आणि ती अ‍ॅक्रिलिकमधून खाली नाण्यांच्या पातळीपर्यंत नेली. भोक घाईने पाडले तर प्लास्टिक तापून वितळते आणि दांडी दुधाळ होते, म्हणून दर थोड्या फेऱ्यांनी ड्रिल बाहेर काढावे.

सजावटीसाठी वाळू पूर्णपणे सोडून दिली. आपल्याकडे जांभा दगड आहे, तर वाळूच्या मागे कशाला लागायचे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. चिरे कापताना पडणारा भुगा पाण्यात दोनतीनदा धुवायचा, कडक सुकवायचा आणि मलमलीतून गाळायचा. या खेळातल्या सैनिकांच्या २८ मिलिमीटरच्या मूर्ती साधारण १:५६ प्रमाणाच्या धरल्या, तर एक मिलिमीटरचा वाळूचा कण हा खऱ्या जगातला साडेपाच सेंटिमीटरचा दगड होतो. त्यामुळे जमीन म्हणून वाळू पसरली की सगळा प्रदेश खडीचा ढीग दिसतो. गाळलेला भुगा मातीसारखाच दिसतो, आणि त्यातले मोठे खडे शिळा म्हणून वापरता येतात. जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि मंगळाच्या धुळीचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडमुळेच आहे. परग्रहावरच्या युद्धभूमीसाठी याहून योग्य साहित्य मला तरी विकत मिळालेले नाही.

तीच धूळ वाहनाच्या बुडावरही लावली. उसगाव आणि साखळीच्या रस्त्यांवर खनिज वाहणारे ट्रक पाहिलेल्यांना ठाऊक आहे, की कोरड्या दिवसांत धूळ पत्र्याच्या खालच्या भागात आणि सांध्यांत साचते, आणि पहिल्या सरीत तिचे तांबडे ओघळ सरळ खाली उतरतात. उडत्या रणगाड्याला चाके नाहीत, म्हणून चिखलाचे शिंतोडे त्याला शोभत नाहीत. त्याच्या खालून हवेचा झोत जमिनीवर आदळत असेल, तर धूळ बुडाच्या कडेने वर चढेल आणि दांडीच्या भोवतालची जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ दिसेल. बेसच्या मध्यभागी भुगा पातळ ठेवून कडेला तो कड्यासारखा उंच केला, तेव्हा दांडी दिसत असूनही वाहन खरोखर तरंगते आहे असे वाटू लागले. वाहन आणि जमीन यांचा असा संबंध जुळला नाही, तर उत्तम रंगवलेले मॉडेलही चकतीवर टोचून ठेवल्यासारखे दिसते.

पावसाळ्यातल्या सुकवणीचा उपाय मला आमच्याच वाड्यावरच्या गणपतीच्या चित्रशाळेत मिळाला. तिथले मूर्तिकार काका चवथीच्या आधीच्या दिवसांत मातीच्या मूर्ती बल्बांच्या उबेत सुकवतात. हवा तापवली, की तिच्यातली वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता उतरते. २६ अंश सेल्सिअसची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३६ अंशांपर्यंत नेली, तर आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. मी झाकणाच्या एका पेटीत लहान पिवळा बल्ब, वर हवेला वाट आणि आत तापमापक एवढेच बसवले. पॉलिस्टायरीन उष्णतेने मऊ पडते, म्हणून तापमान ४० अंशांच्या वर जाऊ देत नाही. रंगाचे आणि मॅट वार्निशचे प्रत्येक काम या पेटीतून जाते. वार्निश फवारत नाही, ब्रशने लावतो, कारण दमट हवेत फवारलेले मॅट वार्निश धुक्यासारखे पांढरे पडते.

मोठ्या बेसचे तोटेही सांगतो. टेबलावरच्या दोन इमारतींमधल्या अरुंद गल्लीतून वाहन आता जात नाही. काही खेळांच्या नियमांत अंतर बेसच्या कडेपासून मोजतात, म्हणून डाव सुरू होण्याआधी समोरच्याची संमती घ्यावी लागते. नाण्यांमुळे पेटी जड झाली आहे. हे सगळे मला मान्य आहे.

नवा बेस उरलेला पावसाळा पार करून आला. कड मोजली, ती ३ मिलिमीटरच आहे, भुगा सुटलेला नाही आणि दांडी हलत नाही. किट मी पुन्हा घेईन, दुसऱ्या वाहनासाठी अ‍ॅक्रिलिकचा लंबवर्तुळ कापूनही ठेवला आहे. एमडीएफच्या विक्रेत्याच्या पानावर मात्र वाळू न धुतलेली आहे किंवा बेस ओलाव्यापासून जपावा, अशी सूचना अजून आलेली नाही. ती येईपर्यंत किनारपट्टीवर राहणाऱ्या कोणीही तो संच मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.